एकच रबर, दोन ब्लेड, दोन वेगळे खेळ: फील नेमका येतो कुठून?

निपाणी_टॉपस्पिन

नमस्कार मंडळी. आमच्या टेबल टेनिस क्लबात दोन ब्लेड आहेत, म्हणजे रबराखालची लाकडी बॅट. एक पाच प्लायचं (थरांचं), निव्वळ लाकडी, ५.७ मि.मी. जाड, ८४ ग्रॅम. दुसरं पाच लाकूड अधिक दोन कार्बन, ५.८ मि.मी., ८८ ग्रॅम. दोन्हींवर एकाच मेकचं, एकाच जाडीचं नवं रबर लावलंय, स्पंज २.० मि.मी.

पहिल्यावर लूप (चेंडू घासून वर उचलायचा टॉपस्पिन फटका) मारला की चेंडू चांगली कमान घेऊन टेबलाच्या शेवटच्या वीतभर जागेत पडायलाय. तोच स्ट्रोक दुसऱ्यावर सपाट निघून बाहेर. ब्लॉकला मात्र दुसरं भिंतीसारखं, पहिलं हातात थरथरतंय. जाडीत फरक फक्त ०.१ चा, पाकिटावर दोन्हींना ‘ऑफ’, म्हणजे आक्रमक खेळाचं फास्ट ब्लेड, असंच लिहिलंय. मग हा सगळा फरक कार्बनचाच काय?

विचारायचं कारण, १२-१३ वर्षांच्या मुलांसाठी सहा ब्लेड पुण्याहून मागवायची आहेत. रबर चिकटवलं की परत घेत नाहीत. काय बघून मागवावं?

कोतो_लिंबा

निपाणीकर, आधी फील या शब्दाचं बघू, कारण निम्मा घोळ तिथंच होतो. चेंडू रबरावर असतो साधारण सेकंदाचा हजारावा भाग. तेवढ्या वेळात हाताला काही कळतं आणि आपण स्ट्रोक बदलतो असं होत नाही. चेंडू निघून गेल्यावर ब्लेड थरथरत राहतं, ती थरथर हँडलमधून तळहाताला लागते, आवाज कानाला लागतो, आणि त्या दोन्हीला मिळून आपण फील म्हणतो. चेंडूनं कमान किती घेतली, कुठं पडला, हा भाग वेगळा. दोन्हींचं मूळ मात्र एकच आहे: ब्लेड किती वाकतं आणि किती लवकर सरळ होतं.

आता जाडी. फळीचा ताठपणा जाडीच्या घनानं वाढतो. ५.५ चं ६.० केलं तर जाडी वाढली ९ टक्के, पण ताठपणा वाढला जवळपास ३० टक्के. म्हणून कॅटलॉगमधला अर्ध्या मिलिमीटरचा फरक किरकोळ समजू नका. तुमच्याकडं ०.१ चा फरक आहे, त्यानं ताठपणा पाचेक टक्के वाढेल. तेवढ्यानं लूप बाहेर जात नाही. म्हणजे कारण आतल्या रचनेत आहे.

पाच प्लायच्या ब्लेडमध्ये मधे गाभा असतो, साधारण ३ ते ४ मि.मी., रेषा हँडलच्या दिशेनं. त्याच्या दोन्ही बाजूंना आडव्या रेषांचा पातळ थर. सगळ्यात बाहेर परत उभ्या रेषांचा थर, अर्ध्या मिलिमीटरपासून पाऊण मिलिमीटरपर्यंत. फळी वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या पृष्ठभागावर येतो, मधोमध जवळपास काही नसतो. त्यामुळं ५.८ च्या ब्लेडमध्ये ०.६ चे बाहेरचे दोन थर धरले तर ते एकूण जाडीच्या फक्त पाचव्या हिश्श्याएवढे, पण सगळं लाकूड एकसारखं धरलं तरी लांबीच्या दिशेचा निम्मा ताठपणा त्यांचा. वरचं लाकूड गाभ्यापेक्षा कडक असलं तर निम्म्याहून जास्त. ब्लेड घेताना पहिला प्रश्न ‘वरचा थर कशाचा’ हा हवा. लोक विचारतात ‘कार्बन आहे का’.

नेहमी भेटणारी लाकडं, घनता किलो प्रति घनमीटर, ढोबळ:

लिंबा ५५० (हे एका लाकडाचं नाव, लिंबू किंवा कडुलिंब नव्हे). मऊ, लवचिक, पिवळसर. चेंडू लाकडात घुसतोय असं वाटतं, कमान उंच.
कोतो ६००. पांढरट, बारीक कण, कडक. चेंडू लवकर सुटतो, आवाज टणक.
आयुस ३८०. बहुतेक लाकडी ब्लेडचा गाभा.
किरी २८०. हलका गाभा, कार्बनवाल्या ब्लेडमध्ये फार.
हिनोकी ४२०. जपानी सुरू. वरचा थर म्हणून मऊ, पण उसळी भरपूर.
बाल्सा १५० च्या आसपास. जाड आणि तरी हलकं ब्लेड करायचं असेल तर.

शिसम किंवा एबनी वर लावलेली ब्लेडही असतात. ती कडक आणि वजनदार, जोरात मारलं तरच बोलतात, हळू चेंडूवर हाताला बोथट लागतात.

तुमच्या दुसऱ्या ब्लेडचा वरचा थर पांढरट आणि कार्बन त्याच्या लगेच खाली असेल, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे. कडेनं बघा, काळी रेष वरून कितव्या थराखाली आहे ते सांगा.

निपाणी_टॉपस्पिन

बघितलं. पहिल्याच थराखाली काळी-पिवळी बारीक रेष. वरचं लाकूड पांढरट.

कोतो_लिंबा

मग ते बटरफ्लाय कंपनीच्या व्हिस्कारिया ब्लेडच्या घराण्यातलं. वर कोतो, खाली आर्यलेट (एक कृत्रिम धागा) आणि कार्बन एकत्र विणलेलं कापड, मग लिंबा, मधे किरी. चीनच्या झांग जिकनं २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकलं ते व्हिस्कारियावर, तेव्हापासून ही रचना बऱ्याच कंपन्यांनी उचलली. काळी तार कार्बनची, पिवळी आर्यलेटची. कार्बन ताठपणा देतो, आर्यलेट थरथर शोषतं. म्हणून नुसत्या कार्बनपेक्षा हे हाताला कमी झिणझिणतं.

नियमही सांगून ठेवतो, कारण ‘फुल कार्बन बॅट’ असं लिहून बाजारात काहीही विकायलेत. ब्लेडच्या जाडीचा किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकूडच हवा. आतला कोणताही धाग्याचा थर एकूण जाडीच्या ७.५ टक्के किंवा ०.३५ मि.मी. यांतलं जे कमी असेल त्याहून जाड चालत नाही. ५.८ च्या ब्लेडला ०.३५ हीच मर्यादा लागते. आकार, वजन, माप यांना बंधन नाही, पण ब्लेड सपाट आणि न वाकणारं हवं.

बॅकहँड_अनगोळ

सर, यात एक अडचण आहे ओ. इनरवालं ब्लेडही (ज्यात कापड आत गाभ्याला लागून असतं) आर्यलेट-कार्बनच, कापड तेच, गाभाही कधी कधी तोच. तरी खेळायला पाच प्लायसारखं लागतंय. मग कार्बनचा गुण गेला कुठं?

कोतो_लिंबा

कुठं गेला नाही, जागा बदलली. धाग्याचा ताठपणातला वाटा ब्लेडच्या मध्यरेषेपासूनच्या अंतराच्या वर्गानं बदलतो. ५.८ च्या ब्लेडमध्ये मध्यरेषा पृष्ठभागापासून २.९ वर. वरचा थर ०.६ चा धरला तर त्याखालचं कापड मध्यरेषेपासून २.३ मि.मी. वर बसतं. तेच कापड गाभ्याला चिकटवलं, म्हणजे पृष्ठभागापासून सुमारे १.३ खाली, तर अंतर १.६. २.३ भागिले १.६, त्याचा वर्ग केला की दोनच्या जरा वर येतो. तेच कापड, पण बाहेर ठेवलं की ताठपणाला दुप्पट हातभार.

शिवाय इनर रचनेत वर बहुतेक लिंबा असतो. हळू चेंडूवर फक्त वरची लाकडं दबतात, म्हणून लाकडी ब्लेडसारखं लागतं. जोर लावला की दाब खाली कापडापर्यंत जातो आणि मग कार्बन जागा होतो. इनरफोर्स लेयर एएलसी, हरिकेन लाँग ५ ही या जातीची. सर्व्हिस, पुश, आखूड चेंडू यांना सोपी, लांबून मारायला वेग पुरतो. बाहेरचा कार्बन मात्र हळू चेंडूवरही जागाच असतो, आखूड पुश टेबलावर दोनदा टप्पा घ्यायच्या ऐवजी लांब निघतो तो त्यामुळंच.

अक्का_कोच

निपाणीचे दादा, मुलांसाठी विचारलंत म्हणून आधी सांगते, बाहेरच्या कार्बनचं एकही ब्लेड मागवू नका. सहाच्या सहा पाच प्लाय, ऑलराउंड ते ऑफ-मायनस.

कारण असं. १२ वर्षांच्या मुलाला लूप शिकवताना आपण म्हणतो, पूर्ण हात फिरव, चेंडू घासून वर उचल. कडक ब्लेडवर पूर्ण हात फिरवला की चेंडू बाहेर जातो. दोन आठवड्यांत मूल स्वतःच हात आखडायला शिकतं, बॅट जास्त झाकून नुसतं टेकवायला लागतं. चेंडू टेबलावर पडतो, पालक खूश होतात, आणि स्ट्रोक कायमचा अर्धा राहतो. पुढं तो मोडून परत बसवायला वर्ष जातं. मऊ ब्लेडवर पूर्ण स्ट्रोक केला तरच चेंडू पोचतो, म्हणून स्ट्रोक पूर्ण होतो.

मागवताना असं लिहून द्या: पाच प्लाय, जाडी ५.५ ते ५.८, वरचा थर लिंबा, गाभा आयुस, वजन ८० ते ८५ ग्रॅम. स्टिगा ऑलराउंड क्लासिक, डॉनिक आपेलग्रेन ऑलप्ले, यासाका स्वीडन एक्स्ट्रा ही त्याच कुळातली. यांतलं स्वीडन एक्स्ट्रा जरा फास्ट.

वजन मोजूनच घ्या, ही माझी कळकळीची विनंती. एकाच मॉडेलचं एक ब्लेड ८० चं निघतं आणि दुसरं ९२ चं, कारण लाकूड झाडाचं आहे, साच्यातलं नाही. दुकानदाराला फोटो काढून पाठवायला सांगा, काट्यावर ब्लेड ठेवून. हिशेब असा: ब्लेड ८२, १.८ स्पंजचं मऊ रबर कापल्यावर ४० च्या आसपास, दोन्ही बाजूंचं ८०, डिंक आणि कडेची पट्टी ३. झालं १६५. बारा वर्षांच्या मनगटाला हे पुरे. मोठ्यांच्या बॅट १७५ ते १९० असतात. ८८ चं ब्लेड आणि ५० ची दोन चिकट चिनी रबरं मुलाच्या हातात दिली की महिन्याभरात खांदा धरतो.

हँडलचं विसरू नका. सहाही एकाच प्रकारची मागवू नका, चार फ्लेअर्ड (खाली पसरट), दोन स्ट्रेट (सरळ). तळहात लहान आणि बॅकहँडला बोट सरकवायची सवय असेल त्याला स्ट्रेट बरं पडतं.

बॅकहँड_अनगोळ

अक्का, पूर्ण मान्य नाही. प्रत्येक मूल लूपर होत नाही. टेबलाला चिकटून ब्लॉक आणि पंच मारणारं, किंवा बॅकहँडला शॉर्ट पिंपल (बाहेर आखूड दाणे असलेलं रबर) लावणारं मूल असेल तर त्याला लवचिक लिंबा उलट मारतो. ब्लॉक करताना ब्लेड मागं दबतं आणि चेंडू नेटमध्ये. त्यांच्यासाठी सात प्लाय का नको?

अक्का_कोच

त्याला विरोध नाही. सात प्लाय, ६.२ ते ६.६, स्टिगा क्लिपरच्या धर्तीचं, शॉर्ट पिंपलला उत्तम जुळतं. पण मूल कोणत्या वळणाचं आहे ते वर्ष-दीड वर्ष खेळल्यावर कळतं. पहिल्या ब्लेडच्या वेळी आपण ठरवून मोकळं व्हायचं नाही. आणि सात प्लायची बहुतेक ८८ च्या पुढं जातात, ते वजन परत मुलाच्या मनगटावरच.

कोतो_लिंबा

दोघांचंही एकाच गोष्टीशी जुळतं, ती नोंदवतो. वरचा थर आणि स्पंज यांत एक कडक, एक मऊ अशी जोडी लावा. चिनी चिकट रबराचा स्पंज कडक, त्याला वर लिंबा शोभतो. मऊ जर्मन स्पंजला कोतो चालतो, कारण स्पंज आधीच चेंडू धरून ठेवतो. कडकावर कडक लावलं की खिडकी फार अरुंद होते, जोरात आणि बरोबर लागलं तरच चेंडू पडतो. मऊवर मऊ लावलं की जोराच्या फटक्याला तळ लागतो, पुढं काही उरत नाही.

स्पंजच्या अंशांचा आकडा बघताना चिनी आणि जर्मन मोजपट्टी वेगळी आहे हे ध्यानात असू दे. चिनी ३९ हे जर्मन ४७ पेक्षा मऊ नाही, कडक आहे.

चिकोडी_रॅली

पाकिटावरच्या ‘स्पीड ९०, कंट्रोल ८५’ वर भरवसा ठेवावा का? आणि दुकानात रबर न लावता ब्लेड हातात आलं तर पाच मिनिटांत काय तपासावं?

कोतो_लिंबा

ते आकडे प्रत्येक कंपनीचे स्वतःचे, सामाईक मोजपट्टीच नाही. एकाच कंपनीच्या दोन ब्लेडमध्ये कोणतं जास्त फास्ट एवढंच त्यावरून कळतं.

हातात आल्यावर हे करा. हँडल दोन बोटांत सैल धरा, उघड्या लाकडाच्या मधोमध चेंडू टाका आणि आवाज ऐका. मोबाइलवर ध्वनीची वारंवारता दाखवणारं ॲप असतं, त्यातलं सर्वांत उंच शिखर वाचा. ढोबळमानानं मऊ पाच प्लाय १००० ते १२०० हर्ट्झ, सात प्लाय आणि इनर कार्बन १३०० ते १४५०, बाहेरचा कडक कार्बन १४०० पासून १६०० पर्यंत. हा आकडा ताठपणा आणि वजन यांच्या गुणोत्तरातून येतो, म्हणून पाकिटापेक्षा खरं बोलतो. पाच वेळा घ्या, कारण चेंडू कडेला पडला तर दुसरंच शिखर येतं. पत्र्याच्या हॉलमध्ये पाऊस पडत असताना मोजू नका, काही वाचता येत नाही.

तोच चेंडू मधून कडेपर्यंत टाकत जा. मधे एकसारखा टणक आणि एका जागी अचानक ‘भद्’ असा आवाज आला तर तिथं थर सुटलाय. ते ब्लेड परत द्या. मग काचेवर किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवून कोपरे दाबा, डुगडुगलं तर पीळ आहे. दोन्ही बाजू बघा. शेवटी हँडल घट्ट मुठीत दाबून पुन्हा चेंडू टाका. सैल धरल्यावर भर्रर आणि घट्ट धरल्यावर स्वच्छ आवाज येत असेल, तर हँडलच्या फळ्या नीट चिकटलेल्या नाहीत.

चॉपर_जांबोटी

या सगळ्यात आपल्या बेळगाव भागाचा पावसाळा कुणी काढला नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत पाणीच असतं, आणि लाकूड ते पितं.

हिशेब बघा की. हवेची आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकडातला ओलावा १२ टक्क्यांवर येऊन थांबतो. ८० ला तो १६ वर जातो, ९० ला २० च्या आसपास. ८५ ग्रॅमच्या ब्लेडमध्ये सुकं लाकूड सुमारे ७६ ग्रॅम धरलं तर प्रत्येक टक्क्याला पाऊण ग्रॅम. १२ चं १६ झालं की ३ ग्रॅम वाढले. नुसतं वजन नाही, ओलं लाकूड लवचिक होतं आणि थरथर खातं. त्यामुळं जुलैमध्ये तेच ब्लेड मेल्यासारखं, हळू आणि बोथट लागतं. उलट अथणी-कागवाडकडं एप्रिलमध्ये आर्द्रता ३० पर्यंत उतरते, लाकूड ६ टक्क्यांवर सुकतं, ब्लेड हलकं आणि खणखणीत होतं. जिल्हा एकच, पण खानापूरच्या पावसात चुकणारा ब्लॉक अथणीच्या उन्हाळ्यात वेगळ्या कारणानं चुकतो. ब्लेड बदलायच्या आधी वजन करून बघा. सराफाच्या काट्यावर दोन मिनिटांचं काम आहे.

उपाय महागडा नाही. कव्हरच्या आत २०-३० ग्रॅमची सिलिका जेलची पुडी. रंग बदलणारी घ्या, रंग पालटला की लोखंडी कढईत मंद आचेवर मूळ रंग येईपर्यंत परता आणि गार झाल्यावर परत वापरा. कढई स्वयंपाकाची नको. कव्हर चेन लावून बंद होणारं हवं, कापडी पिशवी चालत नाही. खेळून झाल्यावर घामट हँडल पुसून अर्धा तास उघड्यावर ठेवा, मग कव्हरमध्ये. ओली बॅट लगेच बंद केली की पुडी तासाभरात संपते आणि हँडलला बुरशी येते. उन्हात, चुलीशेजारी, गाडीच्या डिकीत वाळवायचं नाही. एका बाजूनं सुकलं की ब्लेडला पीळ पडतो, तो परत जात नाही.

रबरावर पाणी साचणं हा वेगळा त्रास. चिकट रबर दमट हवेत एकदम घसरतं. चेंडू आणि रबर दोन्ही कोरड्या सुती फडक्यानं पुसत राहायचं, याला दुसरा इलाज नाही.

कोतो_लिंबा

उत्तम माहिती. यात जोडतो: सीलिंग केलं तर ओलावा शिरायचा थांबत नाही, पण वेग मंदावतो. पाण्यात मिसळणारं पॉलियुरेथेन वार्निश, एकच हात, फडक्याला लावून रेषेच्या दिशेनं पुसल्यासारखं. २४ तास सुकू द्या, मग ६०० नंबरच्या कागदानं हलकं एकदा. कडेला दोन हात चालतात, कारण पाणी आडव्या छेदातून जास्त शिरतं. लाकडावर चकचकीत थर दिसायला लागला तर जास्त झालं. मग फील कडक होतो आणि डिंक धरत नाही.

चॉपर_जांबोटी

बचाव खेळणाऱ्यांसाठी दोन ओळी, कारण त्यांना कुणी ब्लेड सांगत नाही. चॉपला (लांबून चेंडू खाली कापत परतवायला) हळू, मऊ, मोठ्या डोक्याचं ब्लेड. नेहमीचं डोकं १५७ बाय १५० मि.मी. असतं, बचावाचं १६५ च्या आसपास लांब. डोकं मोठं झालं की गोड जागा, म्हणजे चेंडू नीट लागतो तो मधला भाग, मोठी होते, पण वजन पुढं जातं, म्हणून लाकूड हलकं हवं. लाँग पिंपल (लांब दाण्यांचं रबर) बिनस्पंजचं लावलं तर मागं कडक ब्लेड नको, चेंडू टेकायच्या आधी उडतो. टेबलाजवळून लाँग पिंपलनं ब्लॉक आणि पुढच्या हातानं मारा, मनिका बत्राच्या पद्धतीनं, त्याला मात्र बचावाचं ब्लेड नको. तिथं मध्यम वेगाचंच लागतं, नाहीतर फोरहँड मरतो.

शहापूर_रंधा

खानापूरकडं चांगला साग मिळतो. साग किंवा शिवण वापरून इथंच ब्लेड करून घेतलं तर? बाहेरचं मागवायला चार-पाच हजार जातात, क्लबला ते परवडत नाही.

कोतो_लिंबा

प्रश्न मनापासून आवडला, म्हणून नीट उत्तर देतो. आधी अखंड सागाचा हिशेब. डोक्याचं क्षेत्रफळ सुमारे १८५ चौ. सेंमी., मधली दांडी २५. जाडी ०.५८ सेंमी. धरली तर १२२ घन सेंमी. साग घनतेला ६५० च्या आसपास, म्हणजे ७९ ग्रॅम, वर हँडलच्या दोन फळ्या १८ ते २०. जवळजवळ १०० ग्रॅमचं ब्लेड, तेही एकाच फळीचं, आडवा थर नाही. मानेजवळ रेषेत चिरणार आणि पावसात वाटीसारखं वाकणार. हिनोकीचं अखंड पेनहोल्ड (पेनासारखं धरायचं) ब्लेड टिकतं कारण ते ९-१० मि.मी. जाड असूनही लाकूड हलकं आणि सरळ रेषेचं असतं. साग तसा नाही.

सागात तेल असतं, त्यामुळं लाकडाचा डिंक नीट धरत नाही. चिकटवायच्या लगेच आधी कागदानं घासून पृष्ठभाग ताजा करावा लागतो.

करायचंच असेल तर असं करा. गाभा शिवणीचा, ३.४ मि.मी., उभ्या रेषा, गाठ एकही नको. शिवण ४५० च्या आसपास असते, आयुसपेक्षा जड, म्हणून गाभा त्याहून जाड ठेवू नका. त्यावर आडवा थर ०.६, हलक्या कोणत्याही व्हिनियरचा. सगळ्यात वर सागाचं ०.५ चं व्हिनियर, फर्निचरवाल्यांकडं मिळतं. एकूण ५.६. सगळे पाच थर एकाच वेळी चिकटवा, दोन सपाट जाड फळ्यांमध्ये, सगळीकडून सारख्या क्लॅम्पनं, २४ तास. एक बाजू आज आणि दुसरी उद्या असं केलं की पीळ ठरलेला. दोन्ही बाजूंचं व्हिनियर एकाच तावातलं घ्या. डिंक पातळ आणि सारखा लावा, जाड लागला तर तोच कडक थर होऊन बसतो. काम मार्चमध्ये करा, ऑगस्टमध्ये नाही.

बाजारातला प्लायवूड कापून ब्लेड करू नका. त्याचे थर एकसारख्या जाडीचे नसतात, आत पोकळ्या असतात, आणि आडव्या थरांमुळं लांबीच्या दिशेची उसळी जाते.

शहापूर_रंधा

मार्चपर्यंत थांबतो मग. एक विचारायचं होतं, दांडी गाभ्यातूनच काढायची की वेगळी जोडायची?

कोतो_लिंबा

वेगळी जोडायची नाही. पाचही थर हँडलच्या शेवटापर्यंत अखंड जाऊ द्या, वरून फक्त दोन फळ्या चिकटवा. मानेला सांधा आला की थरथर तिथंच अडकते, आणि ब्लेड तुटतंही तिथंच.

चिकोडी_रॅली

चपलांना लावायचं सोल्युशन वापरून रबर चिकटवलं तर? इथं सगळे तेच वापरायलेत.

अक्का_कोच

बंद करा ओ ते. त्यात उडणारी रसायनं असतात, २००८ पासून स्पर्धांमध्ये असल्या डिंकांना बंदी आहे. मुलं बंद खोलीत बसून वास घेतात, ते तर आणखी वाईट. स्पंज फुगतो, चार दिवस बॅट फास्ट वाटते, मग स्पंज आक्रसून कडा वर येतात. आणि रबर काढताना वरच्या लिंबा लाकडाच्या सालीच निघतात.

पाण्याचा डिंक वापरा. स्पंजला एक पातळ हात, लाकडाला एक. पांढरा रंग जाऊन पारदर्शक झाला की चिकटवा, घाईनं पांढरा असतानाच लावलं तर आत पाणी अडकतं. पावसाळ्यात सुकायला दुप्पट वेळ लागतो, पंख्याखाली ठेवा. रबर खाली हँडलकडून लावत वर जा, ओढून ताणू नका, लाटणं हलकं फिरवा. दोन तास जाड पुस्तकांखाली ठेवून मग धारदार पात्यानं कडेनं कापा.

काढताना रबर उलटं दुमडून ब्लेडला टेकवत, अगदी सावकाश ओढा. सरळ वर खेचलं की रेषा उचलतात. कुठं तंतू उचलताना दिसला की थांबा आणि समोरच्या बाजूनं सुरुवात करा. उचललेली साल तोडू नका, खाली थेंबभर लाकडाचा डिंक घालून बसवा, वर प्लास्टिकचा तुकडा आणि वजन, रात्रभर.

निपाणी_टॉपस्पिन

सगळ्यांचे आभार. पाच प्लाय, लिंबा-आयुस, ८० ते ८५, असं लिहून मागवलंय, काट्यावरचे फोटो द्यायला दुकानदार तयार आहे. एकच राहिलं. क्लबातलं जुनं लाकडी ब्लेड हँडलपाशी भर्रर करायलंय. वर सांगितल्याप्रमाणं मुठीत दाबल्यावर आवाज जातोय. टाकून द्यायचं काय?

कोतो_लिंबा

टाकू नका. नखानं हँडलची फळी आणि ब्लेड यांमधली फट शोधा, बहुतेक वेळा मानेच्या टोकाला असते. लाकडाचा पांढरा डिंक थोडं पाणी घालून पातळ करा, इंजेक्शनच्या सुईनं फटीत सोडा, फळी दोन-तीनदा दाबून सोडा म्हणजे आत पसरेल. बाहेर आलेला ओल्या फडक्यानं लगेच पुसा. कापड गुंडाळून क्लॅम्प लावा, इतका घट्ट नको की फळीत खड्डा पडेल. क्लॅम्प नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा, तीही चांगली धरते. सध्याच्या हवेत २४ नाही, ४८ तास ठेवा. मग चेंडू टाकून ऐका. भर्रर गेली आणि तरीही आवाज पोकळ येत असेल तर दोष हँडलच्या आतल्या पोकळीचा आहे. वजन कमी करायला काही हँडल मुद्दाम आतून कोरलेली असतात, तो बिघाड नाही. त्याला हात लावू नका.